तोंडात घातलं तरी चालेल असं खेळणं

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर मेळाव्याला मी तुमच्यापुढे उभी राहते ती पाण्याचा, शाळेचा किंवा आजारपणाचा विषय घेऊन. आज मी खेळण्यांवर बोलणार आहे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत एवढे मोठे प्रश्न असताना ताई खेळण्यांचं काय घेऊन बसल्या, असं कुणाच्या मनात आलं तर मला त्याचा राग नाही. पण थोडा वेळ ऐकून घ्या. नाताळ जवळ येतो आहे. तुमच्या धर्मग्रामांतून आमच्या बालवाड्यांसाठी खोकी भरायला सुरुवात होईल, आणि त्या खोक्यांत कपड्यांखालोखाल खेळणीच जास्त असतात.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी नातवंडं आहेत त्यांनी पाहिलं असेल की अलीकडे खेळण्याच्या खोक्यावर 'नॉन-टॉक्सिक' असे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. लाकडी ठोकळे, कापडी बाहुल्या, बिनरंगाचे खुळखुळे मोठ्या दुकानांत चांगल्या किमतीला विकले जातात. या बाजाराची वाढ उगाच झालेली नाही. २००७ साली अमेरिकेत मॅटेल या मोठ्या कंपनीला रंगात शिसं सापडल्यामुळे लाखो खेळणी परत मागवावी लागली आणि जगभरचे आईबाप सावध झाले. आपल्याकडे भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली परिसराच्या बाजारातून आयात खेळणी घेऊन तपासली. त्यांतली सुमारे ६७ टक्के नापास झाली. त्यानंतर सरकारने खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली. आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० आणि पुढे ७० टक्क्यांवर गेलं. २०१८-१९ मध्ये देशात ३७ कोटी डॉलरची खेळणी बाहेरून येत होती. २०२१-२२ मध्ये ती ११ कोटी डॉलरवर आली.

या आकड्यांचा तलासरीशी काय संबंध? सांगते.

खेळण्यात विष येतं ते मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट रंगाची. झगझगीत पिवळा, नारिंगी, लाल रंग स्वस्तात आणि टिकाऊ मिळावा म्हणून त्यात शिशाचे क्षार घालण्याची जुनी पद्धत आहे. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचा रंग कसा आहे, याची हमी कोणी देऊ शकत नाही. दुसरी वाट मऊ प्लास्टिकची. कडक पीव्हीसी मऊ व्हावं म्हणून त्यात थॅलेट नावाची रसायनं मिसळतात. ती प्लास्टिकला घट्ट धरून राहत नाहीत. बाळ ते चघळतं तेव्हा लाळेबरोबर ती बाहेर येतात.

शिसं मेंदूवर काम करतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं निर्धोक असं कुठलंही प्रमाण माहीत नाही. मूल लगेच आजारी पडत नाही, उलटी होत नाही, ताप येत नाही. ते शाळेत जातं, पण लक्ष लागत नाही, शिकलेलं राहत नाही, चिडचिड करतं. आपण म्हणतो, पोराला डोकं नाही. युनिसेफने २०२० साली एका अहवालात सांगितलं की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंता करण्याजोगं आहे. हे सगळं खेळण्यांतून येत नाही. जुन्या बॅटऱ्या फोडण्याची ठिकाणं, भांडी, भेसळीचे मसाले अशी पुष्कळ कारणं आहेत. आपल्या किनाऱ्यावर जाळ्याला बांधायचे शिशाचे मणीसुद्धा पोरांच्या हातात खेळायला असतात. पण खेळणं हे असं कारण आहे की ते आपण स्वतः विकत घेतो आणि प्रेमाने मुलाच्या हातात देतो.

आता आमच्या पाड्यावरच्या मुलाकडे या. गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचं शरीर जेवढं शोषून घेतं त्याच्या चार ते पाच पट लहान मूल शोषून घेतं. आणि मुलाच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढतं. पालघर जिल्ह्यातल्या कुपोषणाबद्दल मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. ज्या मुलाच्या पोटात सकाळपासून नुसती भाताची पेज गेली आहे, ज्याच्या रक्तात लोह नाही, त्याचं शरीर शिशाला लोह समजून आत ओढून घेतं. म्हणून एकच रंग उडालेली मोटार वांद्र्याच्या धष्टपुष्ट बाळाला जेवढी बाधेल त्यापेक्षा तलासरीच्या बाळाला जास्त बाधेल. त्यात आमच्याकडे आई पहाटेच कामाला जाते. कुणी उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत, कुणी चिकूच्या वाडीत, आणि भातकापणी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर. तान्हं मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. ते रडू नये म्हणून जे हाताला येईल ते त्याच्या हातात देतात, आणि ते दिवसभर त्याच्या तोंडात राहतं.

म्हणजे ज्याला निर्धोक खेळण्याची गरज सर्वांत जास्त, त्याच्यापर्यंत ते सर्वांत शेवटी पोहोचतं. आठवडी बाजारात वीस रुपयांना मिळणाऱ्या शिट्टीवर कसलीच खूण नसते. आणि शहरातल्या घरात नवं, तपासलेलं खेळणं आलं की जुनं बाहेर निघतं आणि दानाच्या खोक्यात जातं.

बंधुभगिनींनो, तुमच्या दानाबद्दल आमच्या मनात कृतज्ञताच आहे. खोकं उघडताना मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो मी दरवर्षी पाहते. पण खोकी आली की आम्ही ती आधी बालवाडीच्या मागच्या खोलीत उघडतो आणि निवड करतो. रंगाचे पापुद्रे सुटलेली, चिकट झालेली, बॅटरीचं झाकण तुटलेली खेळणी बाजूला काढतो. बटणासारखी लहान बॅटरी मुलाने गिळली तर ती अन्ननलिकेला दोन तासांत भाजू शकते. दवाखाना लांब असलेल्या पाड्यावर दोन तास म्हणजे काहीच नाहीत. बाजूला काढलेली खेळणी जाळता येत नाहीत, कारण धुरातूनही विष पसरतं. पुरताही येत नाहीत. ती पुन्हा शहरात पाठवायला आम्हाला टेम्पोचं भाडं पडतं.

मग मुलांना काय द्यायचं? याचं उत्तर शोधायला आम्हाला फार लांब जावं लागलं नाही. ते आमच्याच तालुक्यात सापडतं.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेलं. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून माँटेसरी पद्धत आत्मसात केली होती. पण माँटेसरीची साधनं महाग. पाड्यावरच्या बालवाडीला ती परवडणार कुठून? म्हणून या दोघींनी आजूबाजूला पाहिलं. खडे, शंखशिंपले, बिया, पानं, काटक्या, माती यांपासून त्यांनी साधनं केली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं-पानं, लहान-मोठं कळायला शिंपले. जी मुलं शाळेत येत नव्हती त्यांच्या अंगणात शाळा नेली. जी गुरं राखायला जात त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरवली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. २०२३ मध्ये दिल्लीहून एनसीईआरटीने लहान मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला. त्यात खेळणी, बाहुल्या, कोडी आहेत. त्याचं मी स्वागत करते. पण खेळण्यातून शिकवायचं आणि ते खेळणं गावच्या वस्तूंतून करायचं, हे आपल्या डहाणूने देशाला फार आधी दाखवलेलं आहे.

आणि कोसबाडच्या आधीही पाड्यावर खेळणी होतीच. ताडगोळे खाऊन झाले की रिकाम्या फळांना काठी लावून गाडी होते. ताडाच्या पानाची भिंगरी होते. करवंटीची भातुकली होते. बांबू, भोपळा आणि मेण यांतून तारपा करणाऱ्या माणसांना खेळणं करणं अवघड नाही.

इथे मला एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे, कारण बाजारात 'नैसर्गिक' हा शब्दही सध्या फार खपतो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं समजू नका. गुंजेचं बी किती सुंदर दिसतं! लाल अंगावर काळा ठिपका. खुळखुळ्यात घालायला मोह होतो. पण ते चावलं गेलं तर जीव घेऊ शकतं. मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलं दवाखान्यात भरती झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. बिब्ब्याचा चीक कातडी भाजतो. रंगांचंही तसंच. शेंदूर, हिंगूळ, हरताळ हे आपले जुने, परंपरेने आलेले रंग आहेत. शेंदूर म्हणजे शिसं, हिंगूळ म्हणजे पारा आणि हरताळ म्हणजे सोमल. परंपरा सांगितल्याने त्यांचं विष कमी होत नाही. वारली बाया भिंतीवर चौक लिहितात तो तांदळाच्या पिठाने, गेरूने सारवलेल्या भिंतीवर. तांदळाचं पीठ पोटात गेलं तर काही बिघडत नाही. पण तेच चित्र खेळण्यावर काढायला कोणी बाजारातला रंग वापरला, तर तो रंग कोणता हे विचारलंच पाहिजे.

आता आमच्या महिला गटाकडे येते. तलासरीच्या बायांनी गेल्या काही काळापासून थोडी खेळणी करायला घेतली आहेत. सुरुवातीलाच रंगावर चर्चा झाली. एक बाई म्हणाली, "ताई, पोर ते आधी तोंडातच घालणार ना? मग रंग लावायचाच कशाला?" तिच्या या प्रश्नावर आमचा नियम ठरला. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला रंग नाही. लाकूड चांगलं घासून त्यावर मेण आणि खोबरेल चोळायचं. रंग पाहिजे तर तो कापडातून आणायचा, आणि ते कापड आधी दोनदा धुऊन रंग जात नाही हे पाहायचं. बाहुलीत सावरीचा कापूस भरायचा. डोळ्यांना मणी किंवा बटण लावायचं नाही, दोऱ्याने शिवायचे. कोणताही भाग इतका लहान ठेवायचा नाही की तो घशात अडकेल. तपासणीत यासाठी ३१.७ मिलिमीटर तोंडाची नळी वापरतात. आम्ही तेवढ्याच मापाची बांबूची नळी करून ठेवली आहे. तीत जे पूर्ण बसतं ते लहान बाळासाठी बाद.

याला बाजार आहे का? आहे. सावंतवाडीच्या चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळं-भाज्या पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवून रंग चढवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. ते लाकूड ज्या जातीच्या झाडाचं, त्याला आपण काळा कुडा म्हणतो. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरलेला आहे. फार प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना तिथे मनाई आहे. हाताने, घरी, धुराशिवाय होणारं असं काम तिथे चांगलं शोभतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आहे, म्हणून कच्चा माल गावाच्या हक्काचा आहे. झाड तोडायची गरज पडत नाही.

पण अडचणीही मोकळेपणाने सांगते. कायद्याने नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आयएसआयच्या सक्तीतून सूट दिली आहे. गरीब कारागिरासाठी ही सूट योग्यच आहे, कारण प्रयोगशाळेचा खर्च तिला झेपणार नाही. मात्र सूट मिळाली म्हणून खेळणं सुरक्षित ठरत नाही. सूट कागदाची आहे, मुलाच्या पोटाची नाही. म्हणून आमचं म्हणणं असं की आपण आपल्या मालाचे नमुने स्वखुशीने तपासून घ्यावेत आणि जे तपासलं तेवढंच चिठ्ठीवर लिहावं. 'पूर्ण केमिकल-फ्री' वगैरे लिहू नये. 'कुड्याचं लाकूड, मेण, खोबरेल, रंग नाही' एवढं पुरे.

दुसरी अडचण दामाची. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दिवसाचा दर ३१२ रुपये होता. खेळणी करणाऱ्या बाईच्या हातात दिवसाकाठी निदान तेवढे पडले पाहिजेत, नाहीतर ती पुन्हा वीटभट्टीवर जाईल आणि तिचं जाणं बरोबरच असेल. मिशनच्या विक्रीच्या टेबलावर वस्तू आली की आपण दयेने बघतो आणि भावही दयेचाच करतो. "गरिबांनी केलंय, घ्या दोन" असं म्हणतो. कृपा करून तसं करू नका. नाझरेथचा सुतार गिऱ्हाइकाकडे दया मागत नसेल. चांगलं काम करून योग्य दाम घेत असेल. आमच्या बायांनाही तेवढंच पाहिजे. शिवण उसवलेली असेल तर खेळणं परत करा आणि सांगा. चांगलं असेल तर पुरती किंमत द्या.

आणि एक गोष्ट गटातल्या बायांनीच ठरवली आहे. विक्रीसाठी माल करायचा तेव्हा काही खेळणी आपल्याच पाड्याच्या बालवाडीसाठी ठेवायची. शहरातल्या बाळासाठी तपासलेलं आणि आपल्या बाळासाठी बाजारातलं, असं व्हायला नको, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

तर या नाताळसाठी माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली. खोक्यात जुनी रंगवलेली खेळणी, मऊ चिकट प्लास्टिक आणि बॅटरीवर चालणारी खेळणी घालू नका. देण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या नातवाने हे तोंडात घातलं तर मला चालेल का? उत्तर 'नाही' असेल तर ते खोक्यात जायला नको.

दुसरी. नवं घ्यायचं असेल तर आयएसआयची खूण आणि वयाचा आकडा पाहून घ्या. एक चांगलं खेळणं दहा स्वस्त खेळण्यांपेक्षा आमच्या कामाचं आहे. बालवाडीत ते वीस मुलं खेळतात.

तिसरी. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या बालवर्गासाठी आणि नाताळच्या बक्षिसांसाठी बायांच्या गटाकडून मागणी आधी नोंदवावी आणि निम्मे पैसे आगाऊ द्यावेत. आगाऊ मागणी आली तर ती बाई दिवाळीनंतर भट्टीवर न जाता घरी राहू शकते आणि तिचं मूल बालवाडीत येऊ शकतं. खेळण्याचा हा फायदा मला सर्वांत मोठा वाटतो.

चौथी. तुमच्यात डॉक्टर आहेत, रसायनशास्त्र शिकवणारे आहेत, प्रयोगशाळेत काम करणारे आहेत. नमुने तपासून द्यायला आणि बालवाडीतल्या मुलांचं हिमोग्लोबिन पाहायला वर्षातून दोन दिवस आमच्याकडे या. मुलाच्या पोटात डाळ, पालेभाजी, नाचणी गेली तर शिशाला आत शिरायला जागा कमी मिळते. म्हणून आपला पोषणाचा कार्यक्रम आणि खेळण्यांचं हे काम वेगळं धरू नका.

प्रभूने लहान मुलांना जवळ घेतलं, हे आपण दर नाताळला मुलांना सांगतो. त्याच दिवशी त्यांच्या हातात आपण जे ठेवतो ते तितकंच प्रेमाचं आणि तितकंच निर्धोक असावं, एवढंच मागणं घेऊन मी आले आहे. मागणी नोंदवायचा कागद बाहेर टेबलावर आहे, शेजारी खुळखुळे आणि बाहुल्याही ठेवल्या आहेत. हातात घेऊन पाहा, ओढून पाहा, शिवण तपासा. बांबूची नळीही तिथेच आहे.

देव तुम्हा सर्वांचं भलं करो.